‘नेट नाही’ म्हणण्याआधी

कार्यालयातला संगणक आणि मेल आता तुझ्या ताब्यात आलाय, हे ऐकून मला फार बरं वाटलं गं. पण त्यासोबत तुझ्या वाट्याला काय आलंय, तेही मला ठाऊक आहे. मेल आली नाही की तुला विचारतात, गेली नाही की तुलाच विचारतात. आणि तू सांगतेस, "नेट नाही हो." सगळे मान डोलावतात, चहा येतो, काम उद्यावर जातं. भोर-वेल्ह्यात या उत्तराला कोणी खोटं म्हणत नाही, कारण पुष्कळदा ते खरंच असतं. तरीही बयो, हे उत्तर द्यायचं तू सोडून दे. आज मला तुला एवढंच सांगायचंय, बाकीचं सगळं त्यासाठीच.

त्या दोन शब्दांत किती वेगवेगळी दुखणी लपलेली असतात बघ. राउटर बंद असतो. रस्त्यात केबल तुटलेली असते. इंटरनेट व्यवस्थित चालू असतं, पण सर्व्हरचा पत्ता सापडत नसतो. पत्ता सापडतो, पण मधलं एखादं संरक्षक सॉफ्टवेअर वाट अडवतं. सगळं ठीक असतं, फक्त कोणीतरी पासवर्ड बदललेला असतो. नाहीतर संगणकाचं घड्याळच चुकलेलं असतं. प्रत्येकाचा उपाय वेगळा, आणि फोन कोणाला करायचा तो माणूसही वेगळा. नेमकं कुठे अडलंय हे ज्याला सांगता येतं, त्याचं काम लवकर होतं. ज्याला येत नाही, त्याला "राउटर बंद करून चालू करा" एवढंच ऐकून फोन ठेवावा लागतो.

आपला मुलूख यासाठी अवघड आहे, हे मान्यच. मोबाइलच्या लहरींना डोंगर अडवतो. राजगड-तोरण्याच्या पायथ्याची गावं घे, भाटघर आणि नीरा-देवघरच्या पाण्यामागची गावं घे, वरंधा घाटाची वाट घे, नाहीतर मढे घाटाच्या तोंडावरचं केळद. टॉवर डोंगराच्या एका अंगाला आणि वस्ती दुसऱ्या अंगाला. राज्य मंत्रिमंडळाने मार्च २०२४ मध्ये वेल्हे तालुक्याचं नाव राजगड करायला मंजुरी दिली, पण नाव काहीही घेतलं तरी डोंगर तिथेच आहे.

केबलचीही एक गोष्ट तुला माहीत असावी. ग्रामपंचायतींपर्यंत फायबर नेण्याची योजना केंद्र सरकारने ऑक्टोबर २०११ मध्ये मंजूर केली आणि २०१५ मध्ये तिला भारतनेट हे नाव मिळालं. सुरुवातीच्या टप्प्यांत ही फायबर पुष्कळ ठिकाणी एका ओळीत टाकली गेली, या गावातून पुढच्या गावाला, तिथून त्याच्या पुढच्या. अशा ओळीत एका जागी जेसीबीचा दात लागला की पुढची सगळी गावं एकदम बंद पडतात. म्हणूनच ऑगस्ट २०२३ मध्ये मंजूर झालेल्या सुधारित भारतनेटमध्ये फायबरचं कडं करण्यावर भर आहे. एक बाजू तुटली तरी दुसऱ्या बाजूने वाट राहते. तुला याचा उपयोग असा की नेट गेलं, की आधी तीच जोडणी असलेल्या शेजारच्या गावात कोणाला तरी फोन कर. त्यांचंही गेलं असेल, तर दोष तुझ्या खोलीत नाही. मग उगाच वायरी उपटत बसू नकोस.

आता एक भीती मनातून काढून टाक. नेट गेल्यामुळे आलेली मेल हरवत नाही. कार्यालयाची मेलपेटी तुझ्या टेबलावरच्या संगणकात नसते, ती दूर कुठेतरी सर्व्हरवर असते. तुझ्याकडे दोन दिवस लाईट नसली तरी पत्रं तिथे जमा होत राहतात. आणि समजा तो सर्व्हरच बंद पडला, तरी पाठवणाऱ्याचा सर्व्हर लगेच हात टेकत नाही. मेलच्या नियमावलीत लिहिलंय की साधारण अर्ध्या अर्ध्या तासाने पुन्हा प्रयत्न करावा आणि निदान चार-पाच दिवस तरी सोडून देऊ नये. तेव्हा साहेब कितीही घाईला आले, तरी तू घाबरून "पाठवा" हे बटण पुन्हा पुन्हा दाबू नकोस. जोडणी आली की तेच पत्र वरिष्ठांकडे चार वेळा जाऊन पडेल.

दुसरी गोष्ट नीट ध्यानात ठेव: मेल येण्याची वाट वेगळी आणि जाण्याची वाट वेगळी. आउटलुक किंवा थंडरबर्डसारखं सॉफ्टवेअर पत्रं आणताना आयमॅप नाहीतर पॉप या पद्धतीने बोलतं आणि पाठवताना एसएमटीपीने. बहुतेक वेळा दोन्हीकडे सर्व्हरची नावंही वेगळी असतात. म्हणून "मेल बंद आहे" असं कोणी म्हणालं, की पहिला प्रश्न विचार, "येत नाही की जात नाही?" एकच बंद असेल, तर तुझं इंटरनेट चालू आहे हे तिथेच सिद्ध झालं. अर्धा शोध संपला.

या वाटांना क्रमांक असतात, त्यांना पोर्ट म्हणतात. तहसील कचेरीत सातबाऱ्याची खिडकी वेगळी आणि रेशनकार्डाची वेगळी, तसं एकाच सर्व्हरवर कामागणिक क्रमांक वेगळा. हे तेवढे वहीत लिहून ठेव. आयमॅपचा सुरक्षित क्रमांक ९९३, पॉपचा ९९५. पाठवण्यासाठी ५८७ किंवा ४६५. जुने १४३ आणि ११० अजून कुठे कुठे दिसतात. राहिला २५. तो सर्व्हरने सर्व्हरशी बोलायचा. व्हायरस लागलेले संगणक त्यावरून कचरा-मेल पाठवतात, म्हणून पुष्कळ इंटरनेट कंपन्या तो ग्राहकांसाठी बंदच ठेवतात. तुझ्या आधीच्या माणसाने सेटिंगमध्ये २५ घालून ठेवला असेल, तर घरी चालणारी मेल कार्यालयात का अडते याचं उत्तर तिथेच सापडेल. पाठवण्यासाठी ५८७ लाव.

तपासणी करताना एक शिस्त पाळ: जवळून लांब जायचं, आणि एका वेळी एकच गोष्ट बदलायची. घाईत माणूस पासवर्ड बदलतो, राउटर रिसेट करतो, अँटिव्हायरस काढून टाकतो. मग मेल सुरू झाली तरी कशामुळे झाली ते कळत नाही, आणि पुढच्या वेळी पुन्हा शून्यापासून सुरुवात.

सगळ्यात आधी डोळ्यांनी बघ. फायबरच्या डब्यावर एलओएस नावाचा दिवा असतो. तो लाल झाला, तर प्रकाशच येत नाहीये. एक तर तार डब्यातून निसटली, नाहीतर बाहेर तुटली. तिथे संगणकावर काही करण्यासारखं नाही. दिवे ठीक असतील, तर संगणकावर कमांड प्रॉम्प्टची काळी खिडकी उघड. तिला घाबरू नकोस, मी सांगते त्या आज्ञा काही बिघडवत नाहीत. आज्ञा आणि आकडे अर्थातच इंग्रजीत टाइप करायचे.

आयपीकॉन्फिग ही आज्ञा दे. डिफॉल्ट गेटवे म्हणून जो आकडा दिसेल, बहुधा १९२.१६८ ने सुरू होणारा, तो तुझा राउटर. त्याला पिंग कर, म्हणजे पिंग लिहून पुढे तो आकडा दे. उत्तर आलं, म्हणजे संगणकापासून राउटरपर्यंत वाट ठीक. मग बाहेरच्या ८.८.८.८ ला पिंग कर. तो गूगलचा सर्वांना खुला असलेला सर्व्हर आहे. उत्तर आलं, म्हणजे गावाबाहेरही वाट आहे. चारपैकी दोनच उत्तरं आली, तर जोडणी आहे पण गळकी आहे. अशा वेळी चार पिंगवर थांबू नकोस, पिंगच्या आज्ञेपुढे आडवी रेघ, तिला जोडून एन आणि मग पन्नासचा आकडा लिहून पन्नास पाठव आणि किती हरवले ते लिहून ठेव. हे पिंग माइक म्यूस नावाच्या अमेरिकन अभियंत्याने डिसेंबर १९८३ मध्ये लिहिलं. त्याच्याकडचं नेटवर्क विचित्र वागत होतं आणि नेमकं कुठे अडतंय ते त्याला शोधायचं होतं. तुझ्यासारखीच अडचण, म्हणून सांगितलं.

यानंतर एनएसलुकअप ही आज्ञा देऊन पुढे मेल सर्व्हरचं नाव लिही. नावाचा आकडी पत्ता मिळाला, तर ठीक. ८.८.८.८ ला पिंग होतंय पण नाव सापडत नाही, असं झालं तर दोष डीएनएसचा. इंटरनेट बंद नाही, फक्त नावावरून पत्ता शोधणारी सेवा चालत नाहीये. कंपनीला फोन करशील तेव्हा हेच सांग. "नेट बंद" म्हटलंस तर ते तुला लाल दिवा बघायला लावतील.

आता खरा मुद्दा. मेल सर्व्हरला पिंग केलं आणि उत्तर आलं नाही, तर लगेच तो बंद आहे असं समजू नकोस. पुष्कळ सर्व्हर सुरक्षेसाठी पिंगला मुद्दाम उत्तर देत नाहीत. विचारायचं ते पोर्टला. विंडोजमध्ये पॉवरशेल उघड, टेस्ट-नेटकनेक्शन लिही, पुढे सर्व्हरचं नाव, मग आडवी रेघ जोडून पोर्ट आणि ९९३. शेवटच्या ओळीत ट्रू आलं की वाट मोकळी. मग हेच ५८७ साठी कर.

ट्रू आलं नाही, तर मेल सॉफ्टवेअर कोणता संदेश दाखवतं ते बघ. हे नीट शिकलीस तर तुझी नजर तयार झाली समज. संदेश समोरच असतो, फक्त आपण तो न वाचता ओके दाबतो. सर्व्हरचं नावच सापडत नाही असं आलं, तर स्पेलिंग नाहीतर डीएनएस. कनेक्शन रिफ्यूज्ड आलं, तर तू बहुधा त्या यंत्रापर्यंत पोचलीस, पण त्या क्रमांकावर कोणी ऐकत नाहीये, म्हणजे क्रमांक चुकला नाहीतर ती सेवा बंद आहे. टाइम आउट आलं, म्हणजे नुसती शांतता. वाटेत कोणीतरी निरोप गिळतंय, फायरवॉल नाहीतर तुटकी जोडणी. आणि पासवर्ड चुकला असं आलं, तर आनंद मान. वाट पूर्ण ठीक आहे, नेटचा काही संबंध नाही.

सर्व्हरशी स्वतः बोलून बघायची सोय आहे, ती एकदा तरी वापरून बघ. विंडोजमध्ये टेलनेट हा पर्याय सहसा बंद असतो. विंडोज फीचर्समध्ये जाऊन तो चालू करावा लागतो. टेलनेट, सर्व्हरचं नाव आणि ५८७ असं दिलंस, की समोरून २२० ने सुरू होणारी ओळ येते. तो सर्व्हरचा नमस्कार. तू ईएचएलओ लिहून पुढे संगणकाचं नाव द्यायचं, तो २५० ने सुरू होणाऱ्या ओळींत आपल्याला काय काय येतं ते सांगतो. त्यात स्टार्टटीएलएस दिसलं, तर सुरक्षित बोलणं सुरू करता येतं. मग क्विट लिहून निरोप घे, तो २२१ म्हणतो. पासवर्ड इथे टाइप करायचा नाही, कारण हे बोलणं उघडं असतं. आणि ९९३ ला टेलनेट केलंस तर खिडकी रिकामी, काळी राहील. पुष्कळजण इथे फसतात आणि बंद आहे म्हणतात. तिथे सर्व्हर पहिल्या अक्षरापासून कूटभाषेची वाट बघतो, म्हणून गप्प असतो. रिकामी खिडकी म्हणजे जोडणी झाली.

हे तीन अंकी आकडे ऑगस्ट १९८२ मध्ये जॉन पोस्टेलने लिहिलेल्या एसएमटीपीच्या नियमांत आहेत, आणि आजही तेच चालतात. पहिला अंक बघितलास तरी पुरे. २ म्हणजे झालं. ३ म्हणजे पुढचं सांगा. ४ म्हणजे आत्ता नाही, थोड्या वेळाने या. ५ म्हणजे नाही, काहीतरी बदलल्याशिवाय होणार नाही. ४५० आलं तर वाट बघ. ५३५ आलं तर नाव-पासवर्ड बघ. ५५० आलं तर बहुधा समोरच्याचा पत्ताच चुकलाय. ४ आणि ५ मधला फरक कळला, की कधी धीर धरायचा आणि कधी हातपाय हलवायचे ते आपोआप कळतं.

आपल्याकडे वारंवार भेटणाऱ्या तीन गोष्टी वेगळ्या सांगते.

पहिली घड्याळाची. पावसाळ्यात लाईट सारखी जाते. जुन्या संगणकातली नाण्याएवढी बॅटरी संपलेली असेल, तर लाईट आल्यावर तारीख कित्येक वर्षं मागे जाते. सुरक्षित जोडणीचं प्रमाणपत्र तारखेवर तपासलं जातं, म्हणून संगणक म्हणतो, हे प्रमाणपत्र चालणार नाही. लोक नेटला दोष देतात, नाहीतर इशारा न वाचता "पुढे जा" दाबतात. तू तसं कधीच करू नकोस. आधी तारीख बघ. दुकानात सीआर २०३२ नावाची बॅटरी मिळते, ती बदलली की प्रश्न मिटतो. तारीख बरोबर असूनही इशारा आला, तर मात्र हात आखडता घे. तिथे पासवर्ड द्यायचा नाही.

दुसरी जुन्या सॉफ्टवेअरची. जीमेलने ३० मे २०२२ पासून साधा पासवर्ड मागणाऱ्या जुन्या पद्धतीच्या सॉफ्टवेअरना सर्वसाधारण खात्यांवर प्रवेश बंद केला. म्हणून ब्राउझरमध्ये उघडणारी मेल जुन्या आउटलुकमध्ये उघडत नाही. पासवर्ड अगदी बरोबर असतो, तरीही. दोन टप्प्यांची पडताळणी चालू करून सोळा अक्षरांचा अ‍ॅप पासवर्ड घ्यावा लागतो, किंवा सॉफ्टवेअर नवं घ्यावं लागतं. ब्राउझरमध्ये मेल चालते आणि आउटलुकमध्ये नाही, तर नेटला सोड आणि सेटिंगकडे बघ.

तिसरी जड पत्रांची. दोन ओळींची मेल जाते, पण स्कॅन केलेला ठराव जोडला की आउटबॉक्समध्ये अडकून बसते. मेलमध्ये फाइल जाताना ती अक्षरांत बदलली जाते आणि साधारण एक तृतीयांशाने फुगते. २० एमबीची फाइल जवळपास २७ एमबी होते. काही मेल सेवांच्या मर्यादेत ती बसतच नाही. गेली तरी, पाठवायचा वेग अर्धा एमबीपीएस असेल तर २७ एमबीला सात मिनिटांहून जास्त लागतात, आणि तेवढ्यात सॉफ्टवेअर कंटाळून टाइम आउट देतं. म्हणून स्कॅन करताना रंगीत आणि सहाशे डीपीआय असं काही निवडू नकोस. काळा-पांढरा, दोनशे डीपीआय. अक्षरं स्वच्छ वाचता येतात आणि फाइल कितीतरी हलकी होते.

एका साध्या तुलनेने अर्धे वाद मिटतात, तीही शिकून ठेव. कार्यालयाच्या जोडणीवर मेल चालत नसेल, तर तोच संगणक मोबाइलच्या हॉटस्पॉटवर घे. लगेच चालली, तर दोष कार्यालयाच्या जोडणीत. तरीही नाही चालली, तर संगणकात, खात्यात नाहीतर सर्व्हरवर. खोलीत रेंज येत नसेल तर लॅपटॉप घेऊन जिथे येते तिथे जा. शेवटच्या तारखेचं काम असेल तेव्हा निदानात वेळ घालवू नकोस. आधी कागद पोचव, मग शांतपणे कारण शोध.

आणि सावधपणाच्या दोन गोष्टी, त्या मी काळजीने सांगतेय. मदत करतो म्हणून फोन करणाऱ्या कोणालाही पासवर्ड किंवा ओटीपी सांगायचा नाही, तो कितीही गोड बोलला तरी. जोडणी तपासायला पासवर्ड लागतच नाही. वर सांगितलेल्या एकाही आज्ञेने तो मागितला नाही, हे लक्षात घे. दुसरं, तपासायला म्हणून अँटिव्हायरस किंवा फायरवॉल बंद केलीस, तर तपासणी झाली की त्याच मिनिटाला परत चालू कर. आधी दुसऱ्याला सांगून ठेव, म्हणजे विसरणार नाहीस.

आता एक वही कर. तारीख, वेळ, कोणत्या जोडणीवर, कोणत्या पायरीवर अडलं, शब्दशः संदेश काय आला, कोणाला फोन केला, तक्रार क्रमांक काय मिळाला. महिनाभरात तुला दिसू लागेल की दुपारी अमुक वेळेलाच का अडतं, किंवा पाऊस झाला की दुसऱ्या दिवशी काय होतं. हा पुरावा कार्यालयात दुसऱ्या कोणाकडे नसेल. वरच्या सगळ्या आज्ञा आधी नेट चांगलं असतानाच देऊन बघ आणि ती उत्तरं वहीच्या पहिल्या पानावर उतरव. निरोगी असताना नाडी कशी लागते हे माहीत नसेल, तर बिघाड कसा ओळखशील?

गावाकडच्या मुलीने यंत्राबद्दल काही सांगितलं की लोक आधी हसतात, हे मी पाहिलंय. त्यांच्याशी भांडू नकोस. पुढच्या वेळी कंपनीला फोन लावशील तेव्हा एवढंच म्हण: "राउटरपर्यंत ठीक आहे, बाहेर पिंग होतंय, नाव सापडतंय. ९९३ चालू आहे, ५८७ ला टाइम आउट येतोय. मोबाइलवरून तेच ५८७ चालतंय. सकाळी सव्वादहापासून असं आहे. तक्रार क्रमांक द्या." या बोलण्याला कोणी हसत नाही. हे सांगणारी मुलगी कुठल्या गावची आहे, हेही मग कोणी विचारत नाही. आणि तुला हे नीट येऊ लागलं, की शेजारच्या टेबलावरच्या बाईंनाही शिकव. तू रजेवर असशील त्या दिवशीही कार्यालयाची मेल चालली पाहिजे, आणि कुठे अडलंय हे सांगणारं कोणीतरी तिथे बसलेलं असलं पाहिजे.